एसटीच्या अंगावरील अक्षरे : सार्वजनिक बसगाडीवरील जाहिरातींची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : एसटी, जाहिरात, संहिता, पृष्ठभाग, औचित्य, शासकीय प्रसिद्धी

प्रास्ताविक

सार्वजनिक बसगाडीच्या बाहेरच्या अंगावर जाहिराती असाव्यात की नसाव्यात, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी चर्चिला जातो. एक अंग उत्पन्नाचे, दुसरे वाहतूक-सुरक्षेचे. परिवहन संस्था तोट्यात आहे, तेव्हा मिळेल तेथून पैसा उभा करावा, असे एक पक्ष म्हणतो. भडक चित्रांमुळे मागून येणाऱ्या चालकाचे लक्ष विचलित होते, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. गाडीच्या अंगावर जे लिहिले जाते ते अखेर लेखनच असते. ते कोणीतरी लिहितो, कोणाला तरी उद्देशून लिहितो, आणि ज्या पृष्ठभागावर ते लिहिले जाते त्याचा स्वतःचा अर्थही त्या लेखनात मिसळतो. भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकाने या प्रश्नात लक्ष घालावे ते एवढ्याचसाठी.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजे आपल्या नित्याच्या भाषेत एसटीच्या, गाड्यांवरील जाहिरातींचा विचार केला आहे. विचाराची भूमी मलकापूर ही आहे. शाहूवाडी तालुक्यातील हे छोटे नगर कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर, आंबा घाटाच्या अलीकडे वसलेले आहे. येथे एसटीचे आगार आहे, आणि विशाळगड, आंबा, अणुस्कुरा या बाजूंच्या वाड्यावस्त्यांचा बाजाराशी, दवाखान्याशी, शाळा-महाविद्यालयांशी येणारा संबंध मोठ्या प्रमाणात या आगाराच्या गाड्यांवर अवलंबून आहे. महानगरातील बसगाडी ही शेकडो फलकांमधला एक फिरता फलक असते. डोंगरी तालुक्यातील वाडीवर मात्र दिवसातून जी एक-दोन वेळा गाडी येते, ती त्या दिवशी तेथे येणारी बहुधा सर्वांत मोठी छापील वस्तू असते. जाहिरातीचा परिणाम मोजताना हा फरक लक्षात घेतला पाहिजे.

व्यापारी जाहिरातीला एसटीच्या अंगावर मर्यादित जागा देण्यास हरकत नाही. शासनाच्या स्वतःच्या प्रसिद्धीला मात्र तेथे जागा असू नये, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. रूढ समजूत याच्या नेमकी उलट आहे. साबणाची वा शिकवणी वर्गाची जाहिरात पाहून सुजाण माणूस नाक मुरडतो, आणि शासकीय योजनेची जाहिरात मात्र 'लोकोपयोगी' म्हणून सोडून देतो. ही समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे.

मूळ संहिता

जाहिरात येण्यापूर्वी एसटीचे अंग कोरे नव्हते. त्यावर एक संहिता होती आणि ती वाचल्याखेरीज प्रवास करता येत नव्हता. समोरच्या काचेआडची पाटी ही त्या संहितेतील सर्वांत महत्त्वाची ओळ. मलकापूर नावाचे गाव महाराष्ट्रात एकच नाही. एक बुलढाणा जिल्ह्यात आहे, एक कराडला लागून महामार्गावर आहे, आणि एक आपले. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर नव्याने आलेल्या माणसाला पाटीवरील 'मार्गे' या शब्दापुढचा मजकूर वाचल्याशिवाय गत्यंतर नसते. त्याखेरीज गाडी कोणत्या आगाराची, साधी की जलद, चढण्याचे दार कोणते, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग कोठे, हे सारे पत्र्यावर लिहिलेले असते. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे महामंडळाचे ब्रीद आहे. 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही घोषणा तर पुढे लोकांच्या बोलण्यात म्हणीसारखी रुळली.

या संहितेचे वाचक सर्वच साक्षर नसतात. ज्यांना अक्षर लागत नाही ते रंग वाचतात. एसटीला लोकांनी दिलेली दोन नावे, थट्टेने 'लाल डबा' आणि कौतुकाने 'लालपरी', दोन्ही रंगावरून पडलेली आहेत. वळणावर दुरून लाल ठिपका दिसला की फाट्यावर उभी असलेली म्हातारी बोचके उचलते. तो रंग तिच्यासाठी शोभेचा नाही. ती सूचना आहे. त्यामुळे एखाद्या जाहिरातीने संपूर्ण गाडीला निळे वा पिवळे वेष्टण घातले, तर नुकसान केवळ सौंदर्याचे होत नाही, संहितेतील एक उपयुक्त शब्द खोडला जातो.

आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते तेव्हाचे अहमदनगर अशी पहिली गाडी धावली. तेव्हापासूनच्या इतिहासात अनेक दशके एसटीने सांगाडे विकत घेऊन त्यांवर गाड्यांचे अंग आपल्याच कार्यशाळांत घडविले. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. गाडीचे अंग हे अशा रीतीने त्या संस्थेच्या कामगारांचे हस्तलिखितच होते. अलीकडे तयार गाड्या घेण्याचे प्रमाण वाढले आहे. तरीही गाडीच्या अंगाविषयी एसटी कामगाराला वाटणारी आपुलकी समजून घ्यायची, तर ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

जाहिरातीचा प्रवेश आणि उत्पन्नाची गरज

जुन्या काळी गाडीच्या मागच्या बाजूस वा खिडक्यांखालच्या पट्ट्यात रंगाने लिहिलेली जाहिरात असे. दंतमंजन, चहा, बी-बियाणे अशा वस्तूंची ती असे आणि ती पेंटर लिहीत असे. कोल्हापूर परिसरात या कलेला मोठी परंपरा आहे. बाबूराव मेस्त्री यांनी मूकपटांच्या काळात चित्रपटांची भित्तिपत्रके रंगविली आणि 'पेंटर' हा व्यवसायवाचक शब्द त्यांचे आडनाव होऊन बसला. नंतरच्या कित्येक फलक-रंगाऱ्यांनी हीच उपाधी अभिमानाने लावली. पत्र्याचे सांधे, रिबिटांच्या रांगा, दाराची चौकट यांना सांभाळून पेंटरला अक्षर बसवावे लागे. म्हणजे जाहिरात गाडीच्या अंगाशी जुळवून घेत असे. संगणकीय छपाईचा चिकट पडदा आल्यावर हे नाते उलटे झाले. आता चित्र शहरात कोठेतरी तयार होते आणि गाडीचे अंग त्याच्या मापाने झाकले जाते. अक्षर सुबक झाले, हे मान्य. पण खिडकी, दार आणि पत्रा यांतील भेद त्या पडद्याला कळत नाही.

उत्पन्नाच्या मुद्द्याची हेटाळणी करण्याचा येथे हेतू नाही. २०२१-२२ मधील प्रदीर्घ संपाने एसटीची घडी विस्कटली. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचे नमूद झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत भाड्यात १४.९५ टक्के वाढ झाली होती. भाडे वाढविण्यापेक्षा जाहिरातीची जागा विकलेली बरी, हे म्हणणे प्रवाशाच्या बाजूचेच आहे. शिवाय ज्या कायद्याखाली राज्य परिवहन महामंडळे चालतात, त्या १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमात महामंडळाने आपला कारभार व्यावसायिक तत्त्वांवर करावा, असे सांगितले आहे. आणि त्याच अधिनियमात कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची व सुसूत्र वाहतूक सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य ठरविले आहे. दोन्ही कलमे एकत्र वाचली पाहिजेत. पत्र्याची जागा भाड्याने देणे हा व्यवसाय आहे. पाटी, रंग आणि खिडकी झाकणे म्हणजे सेवाच कमी करणे आहे.

व्यापारी जाहिरातीची मर्यादा

व्यापारी जाहिरातीवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की सार्वजनिक वाहनाचा प्रेक्षक बांधलेला असतो. वर्तमानपत्राचे पान उलटता येते, दूरचित्रवाणी बंद करता येते. गाडी मात्र टाळता येत नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातील शेकर हाइट्स नगराविरुद्ध लेहमन या खटल्यात १९७४ मध्ये हाच प्रश्न उभा राहिला होता. नगराच्या वाहनांत व्यापारी जाहिराती घेतल्या जात, पण राजकीय जाहिराती नाकारल्या जात. एका उमेदवाराने त्याला आव्हान दिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने विभागलेल्या मताने का होईना, नगराचे धोरण उचलून धरले. तो प्रश्न वाहनाच्या आतील फलकांचा होता, हे लक्षात ठेवूनही त्या निकालामागील भेद आपल्या उपयोगाचा आहे. वस्तू विकणारा आणि सत्ता मागणारा या दोघांना एकाच मापाने मोजण्याचे बंधन सार्वजनिक वाहनावर नाही.

आपल्याकडे या विषयाला केरळात न्यायालयीन वळण मिळाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये पालक्काड जिल्ह्यातील वडक्कनचेरी येथे शालेय सहलीची खासगी बस राज्य परिवहनच्या बसवर आदळून नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर वाहनांवरील भडक रंगरंगोटीविरुद्ध उच्च न्यायालयाने कडक भूमिका घेतली आणि त्या ओघात राज्य परिवहनच्या गाड्यांवरील जाहिरातींनाही मनाई झाली. महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२३ मध्ये त्या मनाईला स्थगिती मिळाली. त्या वेळी महामंडळाने मांडलेला प्रस्ताव मार्मिक होता : जाहिरात गाडीच्या दोन बाजूंना आणि मागे असेल, समोर नसेल. समोरचा भाग पाटीचा आहे, हे तत्त्व यात अप्रत्यक्षपणे मान्य झालेले दिसते.

मजकुराच्या बाबतीत काही बंधने कायद्यानेच आहेत. तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातीला २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे. अवघड प्रश्न आडमार्गाने येणाऱ्या जाहिरातींचा आहे. नाव तेच, वेष्टणाचा रंग तोच, चेहरा तोच, विकायची वस्तू मात्र कागदोपत्री वेलची. ज्या गाडीतून शाळकरी मुले सवलतीच्या पासावर प्रवास करतात, तिच्या अंगावर अशी जाहिरात घेणे हा कायद्याच्या अक्षराचा आदर आणि अर्थाचा अनादर आहे. लंडनच्या परिवहन संस्थेने फेब्रुवारी २०१९ पासून चरबी, मीठ आणि साखर अधिक असलेल्या खाद्यपदार्थांच्या जाहिराती आपल्या सर्व सेवांवर बंद केल्या. म्हणजे जाहिरात घेणारी संस्था जाहिरात निवडूही शकते. निवडीचा हा हक्क एसटीनेही वापरावा. एवढे झाल्यावर दंतमंजन आणि शिकवणी वर्ग यांच्या जाहिरातींना विरोध करण्याचे कारण उरत नाही. त्या गाडीविषयी काही बोलत नाहीत. त्या भाडे देऊन बसलेल्या प्रवाशांसारख्याच आहेत.

भूमची गाडी

२०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी विधिमंडळात एका एसटी गाडीचे छायाचित्र दाखविले. गाडी धाराशिव जिल्ह्यातील भूम आगाराची होती. तिच्या खिडक्यांच्या काचा फुटलेल्या होत्या आणि त्याच अंगावर राज्य शासनाच्या गतिमान कारभाराची जाहिरात होती. छायाचित्र सर्वत्र पसरले, हशा झाला, संताप झाला. त्यानंतर भूम आगारातील तीन कर्मचारी निलंबित झाले.

या प्रसंगाचे राजकीय वाचन तेव्हा पुष्कळ झाले. त्याचे समीक्षात्मक वाचन होणे आजही आवश्यक आहे. ते छायाचित्र हास्यास्पद का ठरले? काचा फुटलेल्या एसटी गाड्या महाराष्ट्राला अपरिचित नव्हत्या. शासनाच्या जाहिरातीही अपरिचित नव्हत्या. दोन परिचित गोष्टी एकत्र आल्या आणि एक तिसराच अर्थ निर्माण झाला. अकराव्या शतकातील काश्मिरी साहित्यमीमांसक क्षेमेंद्र याने औचित्याला काव्याचे जीवित मानले. अलंकार योग्य स्थानी नसेल तर तो शोभा आणण्याऐवजी हसे करतो, हे त्याचे प्रतिपादन सुपरिचित आहे. भूमच्या गाडीवर नेमके हेच घडले. जाहिरातीतील शब्द सदोष नव्हते, त्यांचे स्थान सदोष होते.

रस्त्याकडेच्या फलकावर शासनाने आपल्या वेगाचे गुणगान केले, तर त्या विधानाला तेथे साक्षीदार नसतो. फलक लोखंडी खांबांवर उभा असतो आणि खांबांचा शासनाच्या कारभाराशी काही संबंध नसतो. एसटी गाडी मात्र पानही असते आणि पुरावाही असते. 'शासन वेगाने काम करते' हे वाक्य गाडीच्या पत्र्यावर लिहिले, की ते त्या गाडीविषयीचे वाक्य होते. गाडी वेळेवर आली तर खरे, घाटात बंद पडली तर खोटे. दंतमंजनाची जाहिरात त्याच फुटक्या गाडीवर असती तर कोणी हसले नसते, कारण दंतमंजनाने गाडीच्या काचांची हमी घेतलेली नसते.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने १९५७ च्या 'मिथोलॉजीज' या ग्रंथात एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाचे प्रसिद्ध विश्लेषण केले आहे. फ्रेंच गणवेशातील कृष्णवर्णीय तरुण सैनिक सलाम करीत आहे, एवढेच ते चित्र. परंतु त्या तरुणाचे स्वतःचे आयुष्य रिकामे करून त्या जागी साम्राज्याच्या थोरवीचा अर्थ भरला जातो, असे बार्थ दाखवून देतो. मिथक असेच घडते : एका जिवंत चिन्हाला दुसऱ्या अर्थाचे वाहन केले जाते. एसटीच्या बाबतीत 'वाहन' हा शब्द अक्षरशः घ्यावा लागतो. गाव, पाटी, भाडे, चालक, वाहक असे भरगच्च अर्थ असलेली गाडी शासकीय जाहिरातीत 'शासनाची कामगिरी' या एकाच अर्थाची वाहक बनते. फरक एवढाच, की बार्थच्या मुखपृष्ठावरील सैनिक कागदावर स्थिर होता. एसटी रोज खड्ड्यांतून, पावसातून धावते आणि मिथकाचे कवच तिच्या धावण्यानेच तडकते. पावसाळ्यात आंबा घाटातून उतरलेल्या गाडीच्या अंगावर खिडकीपर्यंत चिखल उडालेला असतो आणि चिखलाला व्यक्तीव्यक्तींत भेद करता येत नाही. हसे होण्याची व्यवस्था येथे आधीपासूनच सिद्ध आहे.

या प्रकरणातील सर्वांत चिंताजनक भाग मात्र हास्याचा नाही, निलंबनाचा आहे. गाडी मोडकी असणे हा दोष नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या मोडकेपणाची शिक्षा कोणाला आणि केव्हा झाली? जाहिरात नसलेल्या मोडक्या गाड्यांची छायाचित्रे सभागृहात पोहोचत नाहीत. गाडी जाहिरात मिरवीत होती म्हणून ते छायाचित्र सभागृहात पोहोचले, आणि त्यानंतर आगाराच्या पातळीवरील माणसांवर कारवाई झाली. जाहिरात तेथे लावण्याचा निर्णय त्या तिघांचा नव्हता. अशा व्यवस्थेत कारागिराच्या डोक्यावर दोन ओझी येतात. प्रवाशाची सुरक्षितता हे पहिले, आणि ते त्याचेच आहे. जाहिरातीतील प्रतिमेची अब्रू हे दुसरे. ते त्याच्यावर लादलेले आहे. सुटे भाग अपुरे असलेल्या आगारात ब्रेक आधी पाहायचे की जाहिरातीलगतची फुटकी काच, असा प्रश्न कारागिरापुढे उभा राहणे हीच मुळात आपत्ती आहे.

पैसा कोणाचा, जागा कोणाची

शासकीय जाहिरातीतूनही महामंडळाला उत्पन्न मिळते, असे उत्तर दिले जाईल. ते तपासून पाहावे. व्यापारी जाहिरातीचा पैसा बाहेरून येतो. शासकीय जाहिरातीचा पैसा राज्याच्या तिजोरीतून निघतो आणि राज्याच्याच महामंडळात जमा होतो. ज्येष्ठ नागरिक, महिला, विद्यार्थी यांना दिलेल्या सवलतींच्या मूल्याची प्रतिपूर्ती करण्यासाठी याच तिजोरीतून याच महामंडळाला रक्कम द्यावयाची असते. तिजोरीला महामंडळाला मदतच करावयाची असेल, तर त्यासाठी गाडीच्या अंगावर छायाचित्र लावण्याची अट कशासाठी?

शासन हे महामंडळाचे मालक आहे, मालकाने आपल्या भिंतीवर काय लिहावे हे इतरांनी कशाला सांगावे, असाही युक्तिवाद संभवतो. पण एसटी शासनाचे खाते नाही, कायद्याने स्थापन केलेले स्वतंत्र मंडळ आहे. ते 'शासन' आहे असे धरून चालले तरी शासन आणि सत्तेवरील व्यक्ती यांत भेद उरतोच. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी कॉमन कॉज प्रकरणात याच भेदावर बोट ठेवले आणि शासकीय जाहिरातींत केवळ राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचीच छायाचित्रे असावीत, असा निर्देश दिला. मार्च २०१६ मध्ये फेरविचारात राज्यपाल, मुख्यमंत्री व संबंधित मंत्री यांच्या छायाचित्रांना मुभा मिळाली. कायद्याने दार उघडले म्हणून प्रत्येक भिंतीवर चित्र लावलेच पाहिजे, असे होत नाही.

निवडणूक आयोगाची दृष्टी येथे अधिक स्पष्ट दिसते. आचारसंहिता लागू झाली, की सार्वजनिक जागेवरील अनधिकृत राजकीय जाहिराती ४८ तासांत हटविण्याचे निर्देश असतात आणि अशा जागांच्या यादीत रेल्वेस्थानके, बसस्थानके यांच्याबरोबर शासकीय बसगाड्यांचाही स्पष्ट उल्लेख असतो. सत्तेवरील पक्षाच्या कामगिरीची सरकारी खर्चाने होणारी प्रसिद्धीही त्या काळात थांबते. बसगाडीच्या अंगावरील प्रतिमा मतदाराच्या मनावर परिणाम करते, हे आयोगाने गृहीत धरले आहे. मग ती प्रतिमा निवडणुकीच्या काही आठवड्यांपुरती आक्षेपार्ह आणि उरलेली वर्षे निरुपद्रवी कशी? वाडीवरचा प्रवासी रोज तीच गाडी पाहतो. प्रतिमेचा संस्कार वर्षभर होत राहतो. आयोगाची गाळणी शेवटच्या काही दिवसांना लागते.

आणि याची किंमत गाडीलाच मोजावी लागते. महाराष्ट्रात कोणतेही मोठे आंदोलन झाले, की पहिला दगड एसटीवर पडतो, हे जुने दुर्दैव आहे. २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात मराठवाड्यात एसटी गाड्यांची जाळपोळ झाली आणि गाड्यांवरील जाहिरातींतील नेत्यांच्या छायाचित्रांना काळे फासण्याचेही प्रकार घडले. गावात शासनाचा चेहरा म्हणून एसटीच उभी असते. तिच्या अंगावर प्रत्यक्ष चेहरे छापले, की रागाला पत्ता मिळतो. दगड मारणाऱ्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण ज्या गाडीत चालक, वाहक आणि पन्नासेक माणसे बसलेली आहेत, तिला राजकीय रागाचे लक्ष्य बनविण्यात जाहिरातीचा वाटा किती, हा प्रश्न जाहिरात लावणाऱ्याला विचारता येतो.

ब्रीद, नाव आणि सीमा

येथे एक अडचण उभी राहते. एसटीने आपल्या अंगावर स्वतःविषयी लिहिलेली प्रत्येक गोष्ट जाहिरात मानायची काय? पंढरीच्या वारीशी नाते सांगणाऱ्या 'विठाई' गाड्यांवर विठ्ठलाचे चित्र असते. शिवनेरी, हिरकणी, शिवशाही ही नावेही केवळ ओळखीपुरती नाहीत, त्यांत आवाहन आहे. आणि कोल्हापूर जिल्ह्याला जवळचे उदाहरण 'जय महाराष्ट्र'चे. मे २०१७ मध्ये कर्नाटकातील तत्कालीन मंत्री रोशन बेग यांनी ही घोषणा देणाऱ्या लोकप्रतिनिधींचे सदस्यत्व रद्द करण्याची भाषा केली. त्याला उत्तर म्हणून तत्कालीन परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी 'जय महाराष्ट्र' हे शब्द एसटीच्या बोधचिन्हातच आणले. सीमेपलीकडे जाणारी गाडी मग ते शब्द घेऊनच जाऊ लागली. ही राजकीय कृती होती यात शंका नाही, आणि प्रस्तुत लेखकाला तिच्याविषयी सहानुभूती आहे, हेही लपवीत नाही. सीमाभागातील मराठी माणसाला त्या दोन शब्दांनी दिलेला धीर खरा होता. तथापि अशा शब्दांचा भार गाडीवरचा माणूस वाहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रदुर्ग येथे एसटीच्या चालकाला काळे फासण्यात आले आणि कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या काही काळ थांबवाव्या लागल्या. ते प्रकरण भाषावादातून उद्भवले होते, बोधचिन्हातून नव्हे. पण परप्रांतात उभी असलेली गाडी किती उघडी असते हे त्यातून कळते.

मग रेषा कोठे ओढावी? 'जय महाराष्ट्र' आणि 'विठाई' यांना निदान कोणा एका व्यक्तीचा चेहरा नाही. सरकार बदलले म्हणून ती अक्षरे खरवडावी लागत नाहीत. ही कसोटी पुरेशी आहे असे वाटते. जे लेखन सत्ताबदलाबरोबर पुसावे लागते, ते संस्थेचे लेखन नव्हे, पाहुण्याचे होय.

योजनांच्या माहितीचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो टाळण्यासारखा नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाले. या सवलती लोकांपर्यंत पोहोचल्या पाहिजेत, यात दुमत असण्याचे कारण नाही. पण त्या पोहोचविण्यासाठी काय लागते? 'महिलांना निम्मे तिकीट' हे तीन शब्द, दाराशेजारी, चढताना वाचता येतील अशा ठळक अक्षरांत. खरे तर तेही पहिल्या महिन्यापुरते. त्यानंतर ही माहिती बाजारात, पाणवठ्यावर, बसथांब्यावर जाहिरातीवाचून फिरते. सवलतीची सूचना आणि सवलत देणाऱ्याची प्रसिद्धी या दोन वेगळ्या संहिता आहेत. पहिलीचा कर्ता प्रवासी आहे : त्याला काय मिळेल. दुसरीचा कर्ता दाता आहे : त्याने काय दिले. मुलींना मोफत पास देणाऱ्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. ज्यांच्या कारकिर्दीत ती सवलत वाढत गेली, त्यांची नावे आज पास काढणाऱ्या मुलीला ठाऊक नसतात. पासाचे त्यावाचून काही अडत नाही.

परवाना देताना

आता करारात काय असावे, याविषयी थोडे. गाडीचा समोरचा भाग आणि दाराची बाजू पूर्णतः पाटी, आगाराचे नाव व सूचना यांच्यासाठी राखून ठेवावी. खिडकीच्या काचेवर कोणताही पडदा चिकटविण्यास परवानगी नसावी. आतून बाहेरचे दिसते असे ठेकेदार सांगतात, पण संध्याकाळच्या पावसात त्या छिद्रांच्या पडद्यातून आपला फाटा ओळखण्याचा प्रयत्न त्यांनी एकदा करून पाहावा. संकटकालीन मार्गाभोवती हातभर पत्रा मोकळा हवा. लाल रंग चारही बाजूंनी ओळखू येईल इतका शिल्लक राहावा. वस्तूंची निवड महामंडळाने करावी आणि नाकारण्याचा अधिकार विभागीय पातळीवर असावा, कारण शाहूवाडीच्या रस्त्यावर काय शोभत नाही हे मुंबईतील कार्यालयापेक्षा कोल्हापूरला अधिक चांगले समजते. केंद्र, राज्य वा स्थानिक संस्था यांच्या कामगिरीची प्रसिद्धी करणारी, तसेच पदावरील व्यक्तीचे छायाचित्र असणारी कोणतीही जाहिरात स्वीकारू नये; सवलतीची सूचना महामंडळाने स्वतःच्या अक्षरांत, स्वतःच्या खर्चाने लिहावी.

शेवटी एक कलम कारागिरासाठी. पत्रा बदलला, सांधा ठोकला, गाडी धुतली, तर जाहिरात फाटते, आणि फाटलेल्या जाहिरातीचा जाब आगाराला विचारला जातो. दुरुस्तीसाठी जाहिरात कोणत्याही वेळी, विनापरवानगी कापण्याचा अधिकार आगाराच्या कार्यशाळेला लेखी असावा, आणि ती पुन्हा चिकटविण्याचा खर्च जाहिरातदाराने सोसावा.